गरोदरपणात वजन किती वाढू द्यावं आणि योगासनं कशी करावीत

गरोदरपणातली योगासनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी नसतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अर्धा तास हलकी आसनं करून जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी बेसनाच्या एका लाडवात भरून निघते. वजनाचं गणित ताटात आणि चालण्यात आहे. आसनांचं काम वेगळं. वाढणारं पोट पेलायला पाठ, कंबर आणि मांड्या तयार ठेवायच्या, श्वास मोकळा करायचा, झोप लागू द्यायची. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे: आधी काटा, मग ताट, शेवटी चटई.

पहिलं काम: सुरुवातीचं वजन आणि उंची लिहून ठेवा

दिवस राहण्याआधीचं वजन माहीत असेल तर उत्तमच. नसेल तर पहिल्या तपासणीत केलेलं वजन धरा. किलोमधलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय मिळतो. उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो असेल, तर ५२ ला १.५७ ने दोनदा भागायचं. उत्तर साधारण २१ येतं.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा आपल्याकडचे बरेच डॉक्टरही वापरतात. पोटात एकच बाळ असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत वाढ अशी असावी:

- बीएमआय १८.५ पेक्षा कमी: १२.५ ते १८ किलो
- १८.५ ते २४.९: ११.५ ते १६ किलो
- २५ ते २९.९: ७ ते ११.५ किलो
- ३० किंवा त्याहून जास्त: ५ ते ९ किलो

यात एक मेख आहे. भारतीय बांध्यात कमी वजनावरही पोटाभोवती चरबी आणि रक्तात साखर वाढते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढेच वजन जास्त मानतात. तुमचा बीएमआय २४ असेल आणि डॉक्टरांनी १६ किलोची मुभा न देता 'बारापर्यंत ठेवा' म्हटलं, तर त्यामागे हेच कारण असतं. जुळं असेल तर वरचा तक्ता बाजूला ठेवा, ते आकडे वेगळे असतात.

दुसरं काम: आठवड्यातून एकदा वजन, तेही एकाच काट्यावर

सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं. घरात काटा नसेल तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात करून घ्या आणि माता व बाल संरक्षण कार्डावर नोंद करायला सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं तिथे एका फेरीत होतं.

पहिल्या तीन महिन्यांत मिळून अर्धा ते दोन किलो वाढ पुरते. उलट्यांमुळे एखादा किलो कमी झाला तरी घाबरायचं नाही. पाणीही पोटात टिकत नसेल तर मात्र घरी थांबू नका. चौथ्या महिन्यापासून साधारण बीएमआय असलेल्या बाईचं वजन आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास वाढावं, जास्त वजनाच्या बाईचं ३०० ग्रॅमच्या आत.

हे सगळं चरबीत जमा होत नाही. बाळ तीन किलोच्या आसपास, वार आणि गर्भजल मिळून दीडेक किलो, वाढलेलं गर्भाशय एक किलो. त्यात वाढलेलं रक्त, अंगातलं पाणी, छातीची वाढ. उरलेली तीन-चार किलो चरबी पुढे अंगावर पाजण्यासाठीची शिदोरी.

काट्याचा खरा उपयोग अचानक उडी पकडण्यासाठी होतो. पाचव्या महिन्यानंतर एका आठवड्यात किलो-दोन किलो वाढले, चेहरा किंवा हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगड्यांखाली दुखतंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्यापुढे असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. 'गरोदर बाईला सूज येतेच' असं सांगणारं घरात कोणीतरी असतंच. या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

तिसरं काम: ताट

दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव, हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण हिशोबात बसत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज जादा ऊर्जा लागते ती ३५० कॅलरी. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि छोटा पेला दूध. बस्स. प्रथिनं मात्र खरोखर वाढवावी लागतात: मधल्या तीन महिन्यांत रोज साधारण साडेनऊ ग्रॅम जादा, शेवटच्या तीन महिन्यांत बावीस. आपल्या जेवणात चूक होते ती इथेच. भात-पोळी वाढते आणि वरण पातळच राहतं. वरण घट्ट करा, रोज एक उसळ ठेवा, खात असाल तर अंडी आणि मासे घ्या, नाहीतर दही, पनीर, फुटाणे आहेतच.

तिन्हीत्रिकाळ मोठं जेवण नको, छोटी पाच-सहा खाणी ठेवा. पोट वर दाबायला लागलं की मोठं ताट तसंही जात नाही आणि गेलंच तर जळजळतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चाला. रक्तातली साखर उतरायला याचा खरंच उपयोग होतो. साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलायचा, कारण वरचा सगळा हिशोब तेव्हा थोडा हलतो.

तुपाबद्दल बोलायलाच हवं. नवव्या महिन्यात वाटीने तूप प्यायलं की बाळ सहज घसरून येतं, असं अजूनही ऐकवलं जातं. तूप पोटात जातं, बाळ गर्भाशयात असतं, दोघांची वाट वेगळी. वरणभातावर चमचाभर तूप अवश्य घ्या, वाटी नको. गूळ-शेंगदाण्याचंही तसंच. मधल्या वेळेला चांगलं खाणं आहे, पण रक्त कमी असेल तर तेवढ्याने भागत नाही. लोहाची गोळी लागतेच. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर लांब ठेवा, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

उपवास करायचाच असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नका. राजगिरा, दही, दूध, फळं, शेंगदाणे घ्या. निर्जळी तर नकोच.

आणि हे मार्गदर्शन प्रत्येकीसाठी सारखं नाही. खुरपणी करणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला व्यायामाचा सल्ला देणं मला क्रूर वाटतं. तिचं वजन वाढत नसतं, ती कमी वजनावरच गरोदर राहिलेली असते. तिला हवं असतं ते दुपारचं आडवं पडणं, अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहारातला तिचा वाटा तिच्याच पोटात जाणं आणि जड ओझं बंद. खालची आसनं तिनं करायची असतील तर फक्त श्वास आणि शवासन.

चौथं काम: चटई अंथरण्याआधी परवानगी

डॉक्टरांना थेट विचारा: 'मला योगासनं चालतील का?' वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, पाणी गळत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालेलं असेल, तर घरच्या घरी काहीही सुरू करू नका.

परवानगी मिळाली तर आठवड्यात एकूण १५० मिनिटं मध्यम हालचालीचं लक्ष्य ठेवा. जागतिक आरोग्य संघटना तेवढंच सांगते. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास चालणं आणि त्यातल्या तीन दिवशी आसनं, एवढं पुरे. दमाचं माप सोपं आहे: करताना बोलता आलं पाहिजे.

पाचवं काम: अर्ध्या तासाचा सराव

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. भिंत, न हलणारी खुर्ची, दोन उशा आणि एक जाड गोधडी जवळ घ्या. पुण्यात योगशिक्षिका गीता अय्यंगार यांनी गरोदर स्त्रियांना खुर्ची, लोड, पट्टा अशा आधारांसह आसनं शिकवली. आधार घेणं हा या परंपरेत पद्धतीचाच भाग आहे, कमीपणा नाही.

सुरुवातीला गोधडीच्या घडीवर बसून पाच मिनिटं नुसता श्वास. मग मान, खांदे, मनगटं, घोटे फिरवा. घोट्यांना जरा जास्त वेळ द्या, संध्याकाळची सूज त्याने उतरते.

मार्जारासन सगळ्यात उपयोगी. गुडघे कमरेखाली, तळवे खांद्यांखाली. श्वास सोडत पाठ वर गोल करा, श्वास घेत पुन्हा सपाट या. पोट खाली लोंबू द्यायचं नाही, सपाटपर्यंतच यायचं. आठ-दहा वेळा. मनगटात मुंग्या येत असतील तर हातांच्या मुठी करा किंवा कोपरं खुर्चीवर ठेवा.

नंतर भिंतीला किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून मागे सरका, कमरेतून वाका, पाठ टेबलासारखी सपाट करा. पाच-सहा श्वास. कंबरदुखीला याच्याइतकं सोपं काही नाही. पोळ्या झाल्यावर ओट्यापाशीच होतं. मग भिंतीला पाठ लावून ताडासन, म्हणजे ताठ उभं राहणं, पाय थोडे अंतरावर. मग खुर्चीच्या बाजूला उभं राहून वीरभद्रासन: एक पाय पुढे गुडघ्यात वाकवलेला, दुसरा मागे सरळ, दोन्ही बाजूंना. जांघेच्या हाडात कळ येत असेल तर पाय फाकवणारी आसनं सोडा.

बसून बद्धकोनासन: पाठ भिंतीला, तळवे एकमेकांना, गुडघ्यांखाली उशा. गुडघे खाली दाबायचे नाहीत. गर्भारपणात सांधे सैल होतात, त्यामुळे ताण जाणवत नाही आणि इजा नंतर कळते. मलासन, म्हणजे उकिडवं बसणं, चौतिसाव्या आठवड्यानंतर, बाळाचं डोकं खाली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तरच, भिंतीच्या आणि उशीच्या आधाराने.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: लघवी रोखल्यासारखं आत ओढा, पाच मोजा, पूर्ण सोडा. दहा वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करू नका. सोडणंही तितक्याच सावकाश शिका, कळा देताना तेच कामाला येतं.

शेवटी अनुलोम-विलोम, म्हणजे एकेका नाकपुडीने आळीपाळीने श्वास, तोही न रोखता, आणि भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं. मग कुशीवर शवासन, दोन गुडघ्यांमध्ये उशी, दहा मिनिटं. उठताना हाताचा आधार घेत कुशीवरूनच.

टाळायचं ते असं: पोटावर झोपणं, पोट पिळणं, खोल मागे वाकणं, उड्या, कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरजोरात श्वासाचे प्रकार, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं, उकाड्यात बंद खोलीतला सराव. पाचव्या महिन्यानंतर सपाट पाठीवर जास्त वेळ पडू नका, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. शीर्षासन कितीही वर्षांचं असलं तरी घरी एकटीनं नको.

रक्त दिसलं, पाणी गेलं, ठराविक अंतराने पोट आवळलं, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर चटई तिथेच ठेवून दवाखान्यात जा.

बाळंतपणानंतर चालणं आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम बरं वाटेल तसा लवकर सुरू करता येतो. आसनं मात्र सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावरच, आणि सिझेरियन असेल तर टाक्यांची जागा डॉक्टरांनी पाहिल्यानंतर.