पक्षाघातानंतर घास भरवताना
इंदूरला रामबागेत, नारायणबागेत मी घरोघरी फिजिओथेरपीला जाते. पक्षाघाताचा रुग्ण असला की आधी विचारते, घास कसा भरवता? मेंदूच्या फ्रंटल लोबला, म्हणजे पुढच्या भागाला, मार बसला की हातापायांबरोबर गिळणंही बिघडू शकतं, आणि घास श्वासनळीत शिरतो. उजव्या फुप्फुसाचे लोब, म्हणजे कप्पे, 3, डाव्याचे 2. श्वासनळीची उजवी शाखा जास्त रुंद आणि उभी, म्हणून बसून खाणाऱ्याचा घास बहुधा उजव्या खालच्या लोबमध्ये उतरतो. न्यूमोनिया तिथेच धरतो.

तेव्हा काकू, आजोबांना लोडाला रेलवून नाही, ताठ बसवा. अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. गिळलं का बघा, मगच पुढचा. पोहे-शेव अजिबात नको, इंदूरकरांना कितीही जड गेलं तरी. भुगा घशात पसरतो. पातळ चहा-पाणी त्याहून फसवं. ते किती घट्ट करायचं, हे गिळण्याची तपासणी झाल्यावरच ठरवा. जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नका, लुळ्या गालात अडकलेलं मऊ ब्रशने काढा. खाताना ठसका, मग आवाज ओला-घोगरा, ताप किंवा धाप दिसली की भरवणं थांबवून डॉक्टरांना गाठा. ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींना तो येतच नाही.