गॅसचा बाटला गाडीत चढला की कोणते नियम लागतात

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांपासून दांडिया बाजारातल्या केटररपर्यंत एक समज घट्ट बसला आहे: ‘आपला एलपीजी शंभर किलोच्या आत आहे, आपल्याला काही लागत नाही.’ आकडा खरा आहे, पण तो साठवणुकीचा आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला पेसोचा (स्फोटक आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९ किलोचे पाच निळे बाटले म्हणजे ९५ किलो. आवारात नीट ठेवा, परवाना नको. तेच पाच बाटले टेंपोत चढले की हिशेब वेगळा, आणि त्या हिशेबात शंभर किलोची सूट कुठेही लिहिलेली नाही.

१. कोणता नियम कशाच्या मागे जातो ते ओळखा

गॅस सिलिंडर नियम बाटल्याच्या मागे जातात, मग तो कुठल्याही वाहनात असो. भरलेला बाटला सायकलवर किंवा दुचाकीवर नेता येत नाही. स्कूटरच्या पायाशी आडवा टाकून ‘इथे कोपऱ्यापर्यंतच तर न्यायचाय’ म्हणणं हेही त्यातच आलं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम मालवाहू गाडीचे आहेत. छोटा हाथी असो की दहा चाकी ट्रक, धोकादायक माल भरला की ते लागू. म्हणजे टेंपोवाल्याला दोन्ही लागतात. स्वतःच्या कारमधून बाटला नेणाऱ्याला दुसरे लागत नाहीत, पण पहिल्यातून त्याची सुटका नाही.

२. जबाबदारी कोणाची, ते बिल फाडण्याआधी ठरवा

डीलर स्वतःच्या गाडीने पोच देत असेल तर माल पाठवणाराही तोच आणि वाहतूकदारही तोच. तुम्ही ‘भाडं वाचतं’ म्हणून आपला टेंपो त्याच्या गोडाऊनवर पाठवलात, की वाहतूकदार तुम्ही झालात. गाडीची कागदपत्रं, ड्रायव्हरचं प्रशिक्षण, पाट्या, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी हे सगळं तुमच्या अंगावर येतं. रिकामे बाटले आपल्या गाडीने परत धाडताना पाठवणारेही तुम्हीच.

३. ड्रायव्हर आणि कागद

ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. तिच्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं लायसन्स तीन वर्षं चालतं आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. केबिनमध्ये मालाचं चलान आणि ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड) ठेवा. कार्ड ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत असू द्या. बडोद्यात गुजराती किंवा हिंदी.

४. पाटी

धोक्याची माहिती देणारी पाटी गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे. गॅसचं नाव किमान ५० मिमी उंच अक्षरांत, धोक्याच्या वर्गाचा आकडा १०० मिमी, त्या वर्गाचं चौकोनी लेबल २५० मिमी, शिवाय आपत्कालीन फोन आणि पाठवणाऱ्याचा फोन. यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक माल ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, चुकवू नका: एलपीजी १०७५, दाबाखालचा ऑक्सिजन १०७२, विरघळवलेलं ॲसिटिलीन म्हणजे डीए १००१. गाडी दुसऱ्या मालाला लावली की पाटी काढा किंवा झाका. कायम चिकटवून ठेवलेल्या पाटीमुळे अपघाताच्या वेळी अग्निशमन दल भलत्याच तयारीने येतं.

५. एका गाडीत काय एकत्र चढवायचं

खरी चूक इथे होते, आणि रोज होते. फॅब्रिकेशनवाला एकाच खेपेत दोन ऑक्सिजन, एक डीए आणि कटिंगसाठी एक एलपीजी मागवतो. टेंपोवाला चारही एकमेकांना टेकवून उभे करतो. नियम स्वच्छ आहे: ज्वलनशील गॅसचे बाटले दुसऱ्या प्रकारच्या दाबाखालच्या गॅसच्या बाटल्यांसोबत न्यायचे नाहीत.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला: ‘मध्ये एक फळी टाका.’ हा सल्ला देणाऱ्यानं गोडाऊनचा नियम गाडीला लावलेला असतो. साठवणुकीत पुरेसं अंतर किंवा योग्य भिंत चालते. हौद्यात ती सोय दिलेली नाही. कारणही समजून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला की हौद्याच्या तळाशी साचतो. पावसाळ्यात ताडपत्री गच्च बांधलेली असेल तर जाणार कुठे? शेजारच्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह किंचित झिरपत असेल तर त्याच बंद जागेत ऑक्सिजन वाढतो आणि फळी, दोर, ड्रायव्हरचे कपडे सगळंच भरकन पेटण्याच्या अवस्थेला येतं. फाळका आपटला की ठिणगी पुरे. फळी वायूला अडवत नाही, उलट आगीला लाकूड पुरवते.

वर्कशॉपमध्ये ट्रॉलीवर ऑक्सिजन आणि डीए शेजारी उभे असतात, मग गाडीत का नाही, असं विचारणारे खूप. ट्रॉलीवर तो वापर आहे: माणूस समोर उभा आहे, जागा मोकळी आहे, हादरे नाहीत. फाटकाबाहेर पडल्यावर ती वाहतूक होते.

म्हणून दोन खेपा करा. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन एका फेरीत. डीए आणि एलपीजी त्यांच्यासोबत कधीच नाही. ऑर्डर देतानाच दोन दिवस वेगळे सांगितले तर डीलरलाही सोयीचं पडतं. बाटला ओळखताना नुसत्या रंगावर जाऊ नका: ऑक्सिजन काळा, डीए तांबूस तपकिरी हे खरं, पण रंग उडतो, पुन्हा फासला जातो. लेबल वाचा. लेबल नसलेला बाटला चढवूच नका.

त्याच हौद्यात थिनरचे डबे, पेट्रोलचा कॅन, ॲसिडचे कारबॉय (मोठे बुधले) हेही नकोत. क्लोरीन किंवा अमोनियासारखा विषारी गॅस असेल तर धान्य-किराणाही नको.

६. बांधणी

डीए आणि एलपीजी उभेच न्यायचे. डीएच्या आत सच्छिद्र भराव आणि ॲसिटोन असतं. बाटला आडवा पडला की ॲसिटोन व्हॉल्व्हकडे येतं आणि पुढे रेग्युलेटर, नळी खराब करतं. कॅप घट्ट, मग रॅचेट पट्टा बाटल्याच्या दोन तृतीयांश उंचीवर, तळाशी लाकडी पाचर. पट्टा बसल्यावर हातानं जोरात हलवून पाहा; बाटले एकमेकांवर वाजत असतील तर पुन्हा आवळा. हौद्याबाहेर काही डोकावता कामा नये. ऑक्सिजनला तेलकट दोर, ग्रीसचे हातमोजे अजिबात नाहीत.

७. उतरवणं आणि रिकामे

बाटला तुमच्या आवारात उतरला की वाहतूक संपली, साठवणूक सुरू. जुन्या टायरवर टाकून उतरवण्याची पद्धत बंद करा. फाळक्याला फळी लावून दोघांनी बुडावर फिरवत खाली घ्या. एलपीजीच्या कडीवरची चाचणीची तारीख बघा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशा क्रमानं डीपर्यंत, पुढे वर्ष. उलटून गेली असेल तर बाटला तिथल्या तिथे परत.

रिकाम्याला भरल्यासारखंच वागवा, कारण आत थोडा गॅस उरलेलाच असतो आणि डीएमध्ये ॲसिटोनही. व्हॉल्व्ह बंद, कॅप वर, खडूनं ‘रिकामा’, चलानवर नोंद. दोन खेपांचा नियम त्यालाही लावा. वाटेत गळती झाली तर गाडी वस्तीपासून दूर, उघड्यावर उभी करा, इंजिन बंद, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला लोकांना न्या. मग ११२ ला फोन, एलपीजी असेल तर १९०६ लाही. जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीच्या मालकाला कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे.