नाताळ जवळ आला की आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो, तेव्हा काय करायचं

डिसेंबर लागला, दुकानांत लायटिंग आणि कॅरल्स सुरू झाली की मला एकदम छान वाटतं आणि त्याच वेळी आतून हुरहूरही लागते. बरीच वर्षं मी यातलं खरं कुठलं ते शोधत बसायचे, म्हणजे आनंद होतोय तर मग रडू का येतंय, आणि रडू येतंय तर एवढ्या हौसेने खरेदीला का गेले. आता तो नाद सोडलाय. दोन्ही खरं असतं. तेवढं मान्य करून आधीपासून थोडी आखणी केली की २५ तारीख बरीच हलकी जाते, म्हणून मी काय काय करते ते लिहितेय, ज्याला जे उपयोगी पडेल ते घ्या.

खरेदीची यादी करायच्या आधी एक साधा कागद घ्या आणि त्यावर या सणातलं मनापासून काय आवडतं आणि नेमकं काय झेपत नाही ते लिहून काढा. नेमकं हा शब्द महत्त्वाचा. "नाताळात कसंतरी होतं" एवढंच लिहिलं तर त्यावर काही करता येत नाही, पण "२४ च्या संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात आणि मी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरते" असं लिहिलं की लगेच सुचतं, बाहेर पडतानाच दिवा लावून ठेवायचा, किंवा त्या संध्याकाळी एकटीने परतायचंच नाही.

आता एकटेपणाबद्दल. रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्याचे दोन प्रकार सांगितले होते आणि मला ते अजून रोज पटतात. एक म्हणजे जवळचं, जिवाभावाचं माणूस नसणं. दुसरं म्हणजे गोतावळाच नसणं, जसं नवीन ठिकाणी राहायला गेल्यावर होतं. आपलं कुठलं आहे हे आधी ओळखा, कारण एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. गोतावळा नसेल तर कॅरल गाणाऱ्या ग्रुपमध्ये जाणं, कुठे वाटपाच्या कामात हात लावणं, मिडनाइट मासला (२४ च्या मध्यरात्रीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला) जाऊन शेजारच्याशी चार शब्द बोलणं याने खरंच फरक पडतो. पण एखादं माणूस गेलं असेल किंवा नातं तुटलं असेल तर पार्टीत जाऊन ती जागा भरत नाही, उलट घरी आल्यावर जास्त बोचतं, तिथे ज्याच्याशी त्या माणसाबद्दल बोलता येईल असं एकच कुणीतरी पुरतं.

माझी आई गेली त्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात मी भेटवस्तूंची यादी करायला बसले आणि हाताने सवयीप्रमाणे पहिलं नाव तिचंच लिहिलं. पेन तिथेच थांबलं. खोडायला गेले पण खोडवेना. रॅपिंगचा डबा उघडला तर तळाशी तिने जपून ठेवलेले जुने टॅग होते, निळ्या शाईत तिचं बारीक तिरकं अक्षर, एकाच्या कडेला सेलोटेपचा तुकडा तसाच चिकटलेला, ती टेप कायम दातांनी तोडायची त्यामुळे कड वेडीवाकडी. त्या दिवशी खूप रडले आणि मग तिचं नाव यादीत तसंच राहू दिलं, तिच्या वाटच्या पैशात तिच्या एका जुन्या मैत्रिणीसाठी शाल घेतली. म्हणून सांगते, तुमच्याही यादीत असं नाव आलं तर खोडू नका, त्याच्यासमोर वस्तूऐवजी एखादं काम लिहा, त्या माणसाला आवडलं असतं असं.

बाकीच्या खरेदीला मात्र शिस्त हवी. आकडा आधी ठरवा आणि मगच दुकानात किंवा ॲपवर जा. रात्री उशिरा जे आवडेल ते कार्टमध्ये टाका, हरकत नाही, पण पैसे सकाळी भरा, कारण रात्रीची अर्धी खरेदी रिकामं वाटतंय म्हणून होते आणि सकाळी ते आपलं आपल्यालाच दिसतं. आणि कुणाला काय द्यायचं कळत नसेल तर सरळ विचारा. जोएल वाल्डफोगल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर अभ्यास केला होता, त्यात भावनेचा भाग बाजूला ठेवला तर मिळालेल्या वस्तूची किंमत घेणाऱ्याच्या लेखी तिच्या खऱ्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून एक-तृतीयांशापर्यंत कमी भरत होती. मित्रमैत्रिणी आणि जोडीदाराच्या भेटीत ही तूट कमी, लांबच्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त. म्हणजे ज्यांना आपण धड ओळखत नाही त्यांच्यासाठी डोकं फोडून वस्तू शोधू नका, त्यांना दोन ओळींचं कार्ड पाठवा. पहिलं छापील नाताळ कार्डसुद्धा असंच आलं, लंडनला १८४३ मध्ये हेन्री कोल यांना सगळ्यांना पत्रं लिहायला सवड होईना म्हणून त्यांनी एका चित्रकाराकडून काढून घेतलं. तेव्हा कमी लिहिलं म्हणून संकोच नको.

ज्यांच्याकडे डिसेंबरात लवकर अंधार पडतो त्यांनी शरीराकडेही बघायला हवं. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो, म्हणजे नाताळच्या अगदी तोंडावर. हिवाळ्यात ठरावीक येणाऱ्या नैराश्याचं वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, त्यावर सकाळी साधारण अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खास दिव्यासमोर बसण्याचा उपचार असतो, पण डोळ्यांचा त्रास किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सकाळी बाहेर चालून येणं सगळ्यांनाच जमतं. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल तर "सणाचे दिवस आहेत, होईल बरं" म्हणत थांबू नका, दाखवून या. आणि जगणंच नको असा विचार आला तर त्याच मिनिटाला कुणाला तरी सांगा किंवा हेल्पलाइनला फोन लावा.

सगळ्यात अवघड असते ती २५ ची दुपार. सकाळ कशीही जाते, मेसेज येत असतात, पण तीनच्या सुमाराला फोन गप्प होतो, बाहेर सगळं बंद, आणि घड्याळ पुढे सरकत नाही. हे दोन-तीन तास आधीच बांधून ठेवा. "नाताळला बोलू कधीतरी" असं नका ठरवू, "२५ ला चार वाजता मी फोन करते, मोकळी राहशील ना" असं विचारून घ्या. आपल्याला वाटतं समोरच्याला त्रास होईल, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उलट दिसलं, अचानक विचारपूस केलेली लोकांना आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडते. फोनच्या आधी अंघोळ करा, नीट कपडे घाला, कुणी बघणार नसलं तरी. इतरांचे फोटो संध्याकाळपर्यंत उघडू नका. कुणाकडे जाणार असाल तर "मी सहापर्यंत आहे" हे गेल्या गेल्या सांगून टाका, मग मध्येच उठताना कुणाला वाईट वाटत नाही आणि तुम्हालाही अडकल्यासारखं होत नाही.

आणि तुमचं घर भरलेलं असेल, ओळखीतलं कुणी एकटं असेल, तर "एकटीच आहेस तर ये ना" असं बोलावू नका हो. ते लागतं. "चारला ये, भेटी बांधायला माझे हात पुरत नाहीयेत" असं सांगा आणि आल्यावर खरंच तिच्या हातात कात्री द्या, काम हातात असलं की माणूस पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसत नाही.

इतकं करूनही २५ तारीख फसली, तरी सण त्या दिवशी संपत नाही. चर्चच्या परंपरेत नाताळ बारा दिवसांचा, ६ जानेवारीच्या एपिफनी या सणापर्यंतचा, आणि काही ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये तर ख्रिसमसच ७ जानेवारीला असतो. राहिलेली भेट २८ ला द्या, राहिलेला फोन ३१ ला करा. मी एका मैत्रिणीचं कार्ड मुद्दाम उशिरा टाकते, तिला ते जानेवारीच्या २-३ तारखेला मिळतं, मुलं परत गेलेली असतात आणि बाकी कुणाचं काही यायचं नसतं.