आर्गॉनमध्ये लेझर-प्लाझ्मा पेटवायचा कसा आणि त्याचा हिशेब लावायचा कसा

लेझरनं वायू तापवून त्यावर रॉकेट चालवायची कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कान्ट्रोविट्झ यांनी १९७२ मध्ये मांडली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय आणि टेनेसीतल्या प्रयोगशाळांनी कार्बन डायऑक्साइड लेझरवर आर्गॉनचा प्लाझ्मा, म्हणजे लेझरचा प्रकाश शोषून वायू तापवणारा विद्युतभारित तप्त गोळा, तेवत ठेवून दाखवला. आता हाताशी फायबर लेझर, म्हणजे काचेच्या तंतूत प्रकाश तयार करणारे लेझर आहेत. तरंगलांबी १०.६ वरून १.०७ मायक्रॉनवर आली की प्लाझ्मा प्रकाश शोषायला जवळजवळ शंभरपट कच्चा पडतो, त्यामुळे बरंच काम नव्यानं करावं लागतं.

ही कसर दाबानं भरून काढायची. चेंबरमध्ये १० ते २० बार दाबानं आर्गॉन भरा. खिडक्या फ्यूज्ड सिलिकाच्या (शुद्ध क्वार्ट्झ काचेच्या) हव्यात, आणि वायू भरण्याआधी चेंबर पाण्यानं भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून घ्या. इथं घाई करणाऱ्याला मी लॅबमध्ये उभं करत नाही. हा लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून संरक्षक चष्म्यावर छापलेली तरंगलांबी रोज वाचायची. हे काम परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करावं.

तीन किलोवॉटचा झोत १०० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणला तरी नुसत्या झोतानं थंड आर्गॉन पेटत नाही. नाभीपाशी, म्हणजे झोत एकवटतो तिथं, टंगस्टनची बारीक तार ठेवा किंवा विजेची ठिणगी पाडा. एकदा पेटला की प्लाझ्मा झोताच्या उगमाकडे सरकू लागतो आणि किरणशंकू रुंदावून तीव्रता पुरेनाशी होते तिथं थांबतो. समोरून वायू सोडलात तर प्लाझ्मा पुन्हा नाभीकडे ढकलला जातो.

पांढराशुभ्र गोळा दिसला की सगळे खूश होतात. माझ्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं. किती ऊर्जा शोषली गेली? आधी प्लाझ्माशिवाय एक शॉट (लेझरचा एक छोटा स्पंद) घ्या आणि पलीकडे किती प्रकाश पोचतो ते नोंदवा, मग प्लाझ्मासह घ्या. शॉट काही मिलिसेकंदांचा असेल तर औष्णिक मीटर मंद पडतो. इंटिग्रेटिंग स्फिअरला, म्हणजे आत शिरलेला सगळा प्रकाश एकसारखा पसरवणाऱ्या पोकळ गोळ्याला, फोटोडायोड (प्रकाश मोजणारा चपळ सेन्सर) लावा. तापलेला वायू भिंगासारखा वागून झोत फाकवतो. फाकलेला प्रकाश स्फिअरच्या तोंडात शिरलाच नाही, तर तोही ‘शोषला’ म्हणून मोजला जातो. म्हणून स्फिअर जवळ आणून तोच शॉट पुन्हा घ्या. शोषण घटलेलं दिसलं, तर तेवढा आकडा खोटा होता.

शोषलेल्या ऊर्जेतला बराच वाटा प्रकाश होऊन भिंतींत जातो, आणि रॉकेटला उपयोग वायूत उरलेल्या उष्णतेचाच. ती मोजायला बंद चेंबर आणि चपळ प्रेशर सेन्सर पुरतो. आर्गॉन एकअणू वायू आहे, त्यामुळे उष्णता म्हणजे आकारमान गुणिले दाबवाढ गुणिले दीड. एक लिटरच्या चेंबरमध्ये दाब ०.१ बारनं वाढला तर १५ ज्यूल. भिंती उष्णता खायला लागण्याआधीचं, म्हणजे शॉट संपतानाचं वाचन घ्या आणि त्याला शोषलेल्या ज्यूलनी भागा. रॉकेटसाठी हव्या असलेल्या हायड्रोजनकडे वळण्याआधी हे गुणोत्तर निरनिराळ्या दाबांवर काढून ठेवा.