प्रशिक्षकाचा रेकॉर्ड कसा वाचायचा

1202-368. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे माजी बास्केटबॉल प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांचा हा आकडा. डावीकडे विजय, उजवीकडे पराभव. बघून लगेच हुरळू नका. मी आधी वहीत कॉलेजवार फोड करतो: आर्मीत (अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघात) 73-59, ड्यूकमध्ये 1129-309. मग ड्यूकची पहिली तीन वर्षं वेगळी काढली, तर 38-47! बेरीज दोनदा तपासली मी. टक्केवारी सोपी आहे, 1202 भागिले 1570, म्हणजे साधारण 76.6.

1994-95 चा हंगाम मात्र जपून. पाठीच्या दुखण्यानं ते 12 सामन्यांनंतर रजेवर गेले. त्यांच्या खात्यात 9-3 एवढंच. उरलेले 4-15 साहाय्यक पीट गॉडेट यांच्या नावावर. संघाचे 13-18 सरसकट शशेव्स्कींना लावलेत, की हिशेब गंडलाच.