कोल्ड प्लाझ्मावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मसाल्यांवरील बुरशी कोल्ड प्लाझ्माने, म्हणजे विजेने अंशतः आयनीभूत केलेल्या पण फारशा न तापलेल्या वायूने, मारण्याच्या एका प्रकल्पात मी काही वर्षे काम केले. या विषयाकडे वळणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारतात. यंत्र लवकर हाताळता येऊ लागते. किती जीव मेले हे खात्रीने मोजायला शिकण्यातच खरा वेळ जातो.

तत्त्व अवघड नाही. दोन इलेक्ट्रोडांमध्ये काचेचा किंवा सिरॅमिकचा विद्युतरोधक थर ठेवून काही किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) विद्युतदाब दिला की मधल्या हवेत विद्युत विसर्ग सुरू होऊन प्लाझ्मा तयार होतो. सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोन तयार करण्यासाठी हीच रचना वापरली होती. इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंशांत असले तरी वायू जवळजवळ खोलीच्याच तापमानाला राहतो आणि त्यात ओझोन, अणुरूप ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होऊन जंतूंचे पेशीपटल, प्रथिने आणि डीएनए यांवर हल्ला करतात. ई. कोलाय हा जिवाणू तुलनेने लवकर हार मानतो. बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू आणि बुरशींपैकी काळ्या अ‍ॅस्परजिलसचे मेलॅनिन या गडद रंगद्रव्याने युक्त बीजाणू फार चिवट असतात.

मोजणीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. प्रक्रिया केलेली मिरची निर्जंतुक द्रावणात हलवून, दहापट विरलनांची मालिका करून प्लेटवर पसरावी लागते आणि ज्या प्लेटवर साधारण ३० ते ३०० वसाहती (जिवंत जीवांपासून वाढलेले दिसणारे ठिपके) येतात तीच गणनेसाठी धरतात. अ‍ॅस्परजिलसची वसाहत झपाट्याने पसरते, त्यामुळे पाचव्या दिवसाची वाट पाहत बसल्यास दोन वसाहतींची एकच दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मोजून ठेवलेले बरे. प्लेटचे झाकण पंख्याखाली उघडले तर बीजाणू टेबलभर उडतात आणि पुढचे कित्येक कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले नमुने) बिघडतात. दर ग्रॅमला दहा लाख जीव असताना ९९.९ टक्के घट झाली, तरी हजार उरतातच. म्हणून टक्केवारीपेक्षा लॉग घट (दर दहापट घटीला एक लॉग, म्हणजे इथे तीन) सांगण्याची सवय लावून घ्यावी.

मुंबईच्या हवेचा विचार करावाच लागतो. खोलीतली हवा थेट वापरणाऱ्या यंत्रात जुलैमध्ये आर्द्रता वाढली की ओझोन घटतो, हायड्रॉक्सिल मूलके व हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतात आणि मे महिन्यातील आकड्यांशी निकाल जुळेनासे होतात. दर प्रयोगाच्या वेळी सापेक्ष आर्द्रता नोंदवावी. शक्य असल्यास सिलिंडरमधील कोरडी हवा वापरून एक समांतर मालिका करावी.

मसाले निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूच्या अवशेषांमुळे एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांवर कारवाई झाली. साहजिकच मसाला उद्योगाला पर्याय हवे आहेत. परंतु मुलाखतीत कोल्ड प्लाझ्माचे गोडवे गाणाऱ्या उमेदवाराबद्दल माझे मत चटकन खराब होते. हा परिणाम मुख्यतः पृष्ठभागापुरता असतो, त्यामुळे मिरचीच्या सुरकुतीत किंवा देठाच्या खोबणीत बसलेली बुरशी वाचू शकते. प्रक्रिया लांबली तर मिरचीचा रंग उतरू शकतो आणि शेंगदाण्याच्या तेलाला खवटपणा येऊ शकतो. शिवाय बुरशी मेली म्हणून तिने आधीच सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष नाहीसे झाले असे मानता येत नाही, ते स्वतंत्रपणे मोजावे लागते.

भौतिकशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, यांपैकी कोणत्याही शाखेतून येता येते. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अन्नपदार्थांवरील कोल्ड प्लाझ्माचे संशोधन झाले आहे, तर प्लाझ्मा भौतिकीची आवड असणाऱ्यांनी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचाही विचार करावा. प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी आणि दोन गोष्टी विचाराव्यात: उच्च विद्युतदाबाच्या यंत्राला नीट अर्थिंग आहे का, आणि तयार होणारा ओझोन बाहेर नेण्याची सोय आहे का. खोलीत शिरताच त्याचा तिखट वास येत असेल, तर तिथे रोज आठ तास घालवण्यापूर्वी ती व्यवस्था करून मागावी.