मुलांचे घोरणे, टॉन्सिल आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मूल रात्री तोंड उघडे ठेवून, मान मागे ताणून झोपत असेल, घोरता घोरता मध्येच काही क्षण श्वास थांबून दचकत असेल आणि सकाळी उशी लाळेने ओली दिसत असेल, तर त्या झोपेचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तोंडी वर्णनापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

असे घोरणे बहुधा घशातील टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड या ग्रंथी वाढून श्वासमार्ग अरुंद झाल्याने होते. या ग्रंथी वाढलेल्या मुलांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे, परंतु कमतरतेमुळेच ही वाढ होते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून डॉक्टरांना गरज वाटल्यास रक्तातील २५-हायड्रॉक्सी ‘ड’ची (शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी दाखवणारी) तपासणी करावी. एका वर्षाखालील बाळाची ‘ड’ जीवनसत्त्वाची रोजची गरज ४०० एकके (आययू), त्यापुढील मुलांची ६०० एकके असते.

घरात मोठ्यांसाठी आणलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी मुलाला परस्पर देऊ नये (हा मोह फार सर्रास दिसतो), कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ‘ड’ जीवनसत्त्वाचे औषध सुरू झाले, तरी झोपेत श्वास अडकत असल्यास टॉन्सिल-ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये.